हवेतला फटका

मी गोल्फ क्लबवर लहानाचा मोठा झालो. हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. नाशिककरांना ते ऐकून काहीच वाटत नाही, कारण नाशकात ‘गोल्फ क्लब’ हे एका मैदानाचं नाव आहे. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनला गोळी घालून फासावर गेलेल्या अनंत कान्हेऱ्यांचं. पण रिक्षावाल्याला हे नाव सांगा, तो क्षणभर आपल्याकडे बघतो आणि विचारतो, “म्हणजे गोल्फ क्लबलाच ना?” तिथे सकाळी लोक ट्रॅकवर चालतात, पोरं क्रिकेट खेळतात, अधूनमधून रणजीचा सामना होतो. मीही तिथे क्रिकेट खेळलो, आणि दहावीचा निकाल घरी कसा सांगावा याचा विचार करत बऱ्याच फेऱ्याही मारल्या. गोल्फ खेळताना मात्र तिथे मी माणूस पाहिला नाही.

पुण्यात हे वाक्य वेगळं ऐकू येतं. “लहानपणी आम्ही रोज गोल्फ क्लबवर असायचो,” असं मी ऑफिसात सहज म्हटलं की समोरच्याच्या नजरेत माझा पगार थोडा वाढतो. मी खोटं बोलत नाही. मी फक्त पुढचं बोलत नाही. पुढचं न बोलण्याची ही सवयच मला गेल्या मे महिन्यात लहान मुलांच्या गोल्फ शिबिरात, भर उन्हात, चारचौघांत उभं करून गेली.

लेकीला गोल्फला घालण्याची कल्पना मूळची माझी नव्हे, अदिती अशोकची. ७ ऑगस्ट २०२१ ची पहाट आठवत असेल. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला गोल्फची शेवटची फेरी होती आणि जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानावर असलेली ही मुलगी पदकाच्या दारात उभी होती. ज्या खेळाचा एक नियम ठाऊक नाही त्यात तिनं नेमकं काय करायला हवं, हे त्या पहाटे घराघरांत लोक चहा पिता पिता सांगत होते. मीही सांगत होतो. एका फटक्यानं तिचं पदक हुकलं, चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्रानं भाल्याचं सुवर्ण आणलं आणि देशानं गोल्फ खाली ठेवून भाला उचलला. आमच्या दोन खोल्यांच्या घरात भाला मावत नसल्यामुळे मी गोल्फशी एकनिष्ठ राहिलो.

माझ्या मनात खरं तर फटके राहिलेच नव्हते. राहिली ती बॅग. टोकियोत अदितीची बॅग तिच्या आईनं वाहिली होती. त्याआधी २०१६ मध्ये रिओत, गोल्फ ११२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतला तेव्हा, ती तिच्या वडिलांनी वाहिली होती. म्हणजे या खेळात आईबापांना थेट ऑलिंपिकच्या मैदानात प्रवेश आहे! बुद्धिबळात पालकांना दाराबाहेर बसवतात, पोहण्यात काठावर. लेक नऊ वर्षांची झाली, उन्हाळ्याची सुट्टी लागली, पोहण्याची बॅच नेहमीप्रमाणे आपण चौकशी करण्याच्या आदल्या दिवशीच भरली, आणि मी गोल्फ शिबिराचा फॉर्म आणला.

फॉर्मवर एक रकाना होता : घरात कुणी गोल्फ खेळतं का? बायको म्हणाली, “नाही लिही.” मी लिहिलं, “वडील. गोल्फ क्लब, नाशिक.”

पहिल्याच सकाळी फाटकावरच्या वॉचमननं मला अडवलं. माझ्या अंगात बँकेच्या रक्तदान शिबिरात मिळालेला गोल गळ्याचा टी-शर्ट होता.

“कॉलर पाहिजे, साहेब.”

“मी खेळणार नाहीये. मी वडील आहे.”

“वडिलांना पण कॉलर पाहिजे.”

गाडीच्या डिकीत इस्त्रीला द्यायचे कपडे होते. त्यातला पूर्ण बाह्यांचा, निळ्या रेघांचा शर्ट मी टी-शर्टावरच चढवला. खिशात पेन राहिलं होतं, ते तसंच राहू दिलं. त्यामुळे शिबिरात माझा प्रवेश थकलेली पाणीपट्टी वसूल करायला आलेल्या माणसासारखा झाला. मॅनेजर नावाचा गृहस्थ मला पाहून चटकन आतल्या खोलीत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

शिबिराचे सर मात्र पहिल्या दिवसापासून आवडले. वडील कॅडी, हे स्वतः लहानपणापासून कॅडी, लोकांच्या बॅगा वाहता वाहता खेळ शिकले आणि आता लोकांच्या पोरांना शिकवतात. त्यांचं दैवत म्हणजे कोलकात्याचा एस. एस. पी. चौरासिया. १८२९ सालच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात, म्हणजे ब्रिटनबाहेरच्या सगळ्यात जुन्या गोल्फ क्लबात, त्याचे वडील हिरवळ राखायचे. मुलगा त्याच हिरवळीवर खेळ शिकला आणि २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकून बसला. “हा गेम पैशेवाल्यांचा आहे असं म्हणतात,” सर सांगायचे, “पण बॉलला काय म्हाइत कोन मारतंय ते.” ते मला सर म्हणायचे आणि मी त्यांना सर म्हणायचो, त्यामुळे तिसऱ्या माणसाला आमच्यात शिकवतंय कोण याचा पत्ता लागत नसे. ही संदिग्धता पुढे फार दिवस टिकली नाही.

गोल्फ उलटा शिकवतात, हे मला तिथे कळलं. माझी समजूत होती की आधी जोरात मारायला शिकवतील, मग हळू. पण सुरुवात भोकापाशी. जेमतेम १०८ मिलिमीटर रुंदीचा तो कप, त्याच्यापासून एका पावलावर चेंडू, हातात पटर, आणि हलकेच ढकलायचं. ते जमलं की दोन पावलं. मग हिरवळीच्या कडेवरून छोटी चिप. मग अर्धा स्विंग. पूर्ण स्विंग आणि टी सगळ्यात शेवटी. स्टिका उंचीप्रमाणे : आखूड, हलक्या. लहान हातांना दहाही बोटांची पकड. दोन मुलांमध्ये भरपूर अंतर, आणि शिट्टीचा कायदा. शिट्टी झाल्याशिवाय स्टिक फिरवायची नाही, दुसरी शिट्टी झाल्याशिवाय कुणी चेंडू आणायला पुढे पळायचं नाही. आठ-दहा वर्षांची पोरं हे सगळं निमूट पाळत होती. घरी हीच पोरं ताटावर बसायला किती हाका घ्यायला लावतात, ते मला ठाऊक आहे.

लेक रात्री जेवताना आमची शाळा घ्यायची. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. त्याच्या अंगावर तीनशे ते पाचशे खळगे असतात, आणि ते नक्षी म्हणून नसतात. खळग्यांमुळे हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, मागे खेचणारा जोर कमी होतो. गुळगुळीत चेंडू साधारण निम्म्याच अंतरावर पडेल. “बाबा, आधी चेंडू गुळगुळीतच होते. पण जुने, ओरखडे पडलेले चेंडू जास्त लांब जातात हे लोकांच्या लक्षात आलं.” यावर मी बायकोकडे सूचक नजरेनं पाहिलं. ती वरण वाढत राहिली.

पालकांसाठी एक दोरी बांधलेली होती. दोरीमागे खुर्च्या, छत्र्या, थर्मास आणि सक्तीचं मौन. सरांचा नियम होता : पोराला सूचना करायची नाही. पण बोलायचं नाही म्हटलं की आईबाप खाकरून बोलतात. तिथे बसलेल्या प्रत्येकाला टायगर वूड्स तोंडपाठ होता. १९७८ साली, वयाच्या दुसऱ्या वर्षी, तो अमेरिकेत टीव्हीवर चेंडू मारून दाखवायला आला होता ही गोष्ट मला पहिल्या तासाभरात तीन जणांनी सांगितली. “आमचा सात वर्षांचा आहे,” एक गृहस्थ खोल आवाजात म्हणाले. “उशीरच झाला म्हणायचा.” हे गृहस्थ मुलाचा प्रत्येक स्विंग फोनवर स्लो मोशनमध्ये टिपायचे आणि संध्याकाळी त्याला बसवून दाखवायचे. पुढे त्या फोनची गरज लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

एके सकाळी सरांचा मदतनीस आला नाही. पूर्ण स्विंगचा दिवस होता. सरांनी हातातले फॉर्म चाळले आणि दोरीकडे आले.

“सर, तुम्ही नाशिकला खेळायचे ना? जरा पोरांना एक फुल स्विंग मारून दाखवा. मी बाजूनं समजावतो.”

इथे माणसानं खरं बोलायला हरकत नव्हती. पण माझ्या डोळ्यांपुढे कपिल देव आला. क्रिकेट सोडल्यावर तो गोल्फमध्ये रमला, इतका की २०२४ मध्ये आपल्याकडच्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या पीजीटीआय या संघटनेचा अध्यक्ष झाला. क्रिकेट सोडलेल्या माणसाला गोल्फ जमतो, हे सिद्धच आहे. आणि क्रिकेट तर मीही सोडलेलं होतं. शिवाय चेंडू टीवर ठेवलेला. तो आत येत नाही, बाहेर जात नाही, उसळत नाही. कुणी टाकतच नाही. त्यात चुकण्यासारखं काय आहे?

मी बाह्या सरसावल्या, सरांनी दिलेली सात नंबरची लोखंडी स्टिक घेतली आणि फिरवली. आवाज फार सुंदर झाला. हवा चिरत गेलेली स्टिक डाव्या खांद्यावर येऊन विसावली, मी मान उंचावून क्षितिजाकडे पाहिलं. क्षितिजावर काही नव्हतं. चेंडू टीवर होता.

“हा प्रॅक्टिस स्विंग,” मी म्हणालो.

पोरांनी माना डोलावल्या. मी पुन्हा फिरवली. चेंडू टीवरच होता.

“हाही.”

“काका,” लाल टोपीतला एक मुलगा अदबीनं म्हणाला, “प्रॅक्टिस स्विंग बॉलपासून लांब उभं राहून करतात.”

तिसऱ्या वेळी मी ताकद लावली. हिरवळीचा तळहाताएवढा तुकडा उडाला आणि चेंडूच्या बराच पुढे जाऊन पडला. चौथ्या वेळी मात्र खण्ण असा आवाज आला, हाताला झिणझिण्या आल्या आणि कानावर सरांची आरोळी पडली, “फोर!”

एवढ्या वर्षांनी कुणीतरी माझ्या फटक्यावर ‘फोर’ म्हटलं होतं. मी स्टिक उंचावून सगळ्या बाजूंना अभिवादन केलं. अभिवादन स्वीकारायला कुणी उभं नव्हतं. दोरीमागचे सगळे पालक डोक्यावर हात धरून खुर्च्यांच्या आडोशाला बसले होते. स्टिकच्या दांड्याला लागलेला चेंडू काटकोनात उजवीकडे वळला होता आणि एका आजीबाईंचा चहाचा थर्मास त्यानं आडवा केला होता. गोल्फमध्ये ‘फोर’ म्हणजे ‘डोकी सांभाळा’, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. अख्ख्या मैदानावर ते ठाऊक नसलेला मी एकटाच होतो, आणि चेंडू मारलेलाही मीच.

सरांनी पोरांकडे वळून शांतपणे धडा सुरू केला. “काय झालं बघितलं? सर बॉलला उचलायला बघतात. उचलायचं नाही. स्टिकच्या तोंडाला उतार आहे, बॉल तीच उचलणार. आपण खाली मारायचं, बॉल वर जातो. आपण वर मारायला गेलो की एकतर हवेत, नाहीतर बॉलच्या टाळक्यावर. आणि डोकं! बॉल कुठं गेला ते बघायची घाई. अजून गेलाच नाही, तर बघता काय?” मला वाटतं, त्या शिबिरातला सगळ्यात उपयोगी धडा तोच ठरला. पोरांना एका माणसात सगळे दोष एकत्र बघायला मिळाले.

या खेळाची खरी अडचण माझ्या ध्यानात आली ती त्या दुपारी, खांद्याला मलम चोळताना. क्रिकेटमध्ये माणसाला केवढे आधार असतात! खेळपट्टी खराब होती. अंपायर आंधळा होता. साइटस्क्रीनसमोरून माणूस गेला. जोडीदारानं धाव नाकारली. बाद झालेला फलंदाज तंबूत येईपर्यंत चार-पाच गुन्हेगार पकडून आणतो, आणि तंबूतले लोक ते मान्यही करतात, कारण पुढची पाळी त्यांचीच असते. नोकरी, संसार, राजकारण, सगळीकडे आपण याच बळावर तगून आहोत. गोल्फमध्ये चेंडू गुपचूप बसलेला असतो. आजूबाजूचे लोक श्वास रोखून शांत उभे असतात, म्हणजे त्यांच्या बोलण्यावरही ढकलता येत नाही. मी तरीही प्रयत्न केले. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं की टी जरा खोल रोवली गेली होती. सर “हं” म्हणाले. ऊन डोळ्यांवर होतं. “हं.” पूर्ण बाह्यांमुळे खांदा अडला. “हं.” स्टिक माझ्या उंचीला लहान होती. सर काही न बोलता मोठी स्टिक घेऊन आले. एवढ्यासाठी मी तक्रार केली नव्हती.

मग माझी रवानगी दोरीच्या पलीकडे झाली. पालकांची सुरक्षा हे अधिकृत कारण होतं. शिबिर संपता संपता मी रोज रांगेच्या टोकाला उभा असायचो आणि पोरं मला शिकवायची. “काका, मूठ सैल.” “काका, गुडघे.” “काका, डोकं!” आपल्याहून लहान कुणाला तरी ओरडायला मिळाल्यामुळे त्यांचा स्वतःचा खेळ झपाट्यानं सुधारत होता. लेक मात्र माझ्यापासून चार मुलं सोडून उभी राहायची. आडनाव विचारलं तर सांगायची.

शेवटच्या दिवशी पालक आणि मूल अशी जोडीची स्पर्धा होती. तीन छोटे होल, जोडीत एकच चेंडू, आणि आळीपाळीनं फटके. एक मुलानं, एक पालकानं. सुरुवातीला सरांनी सगळ्यांना गोळा करून बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. १९२५ ची अमेरिकन ओपन. मारायला उभा राहताना चेंडू किंचित हलल्याचं जोन्सला दिसलं. दुसऱ्या कुणालाही दिसलं नव्हतं. त्यानं स्वतःच स्वतःला एक फटका दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली, प्लेऑफ झाला आणि तो हरला. “या गेममध्ये आपले फटके आपणच मोजायचे,” सर म्हणाले. “मारायला गेलात आणि बॉल हुकला, तरी तो एक धरायचा.” बोलताना ते सगळ्यांकडे बघत होते, पण शेवटच्या वाक्याला माझ्याकडे.

कार्ड लेकीच्या हातात होतं. पहिल्या होलवर माझा पहिला फटका अर्थातच हवेत गेला.

“प्रॅक्टिस,” मी पुटपुटलो.

“बाबा, तू मारायला गेला होतास ना?”

“तसं बघितलं तर...”

“मग धरायचा.” आणि तिनं रेघ मारली. पुढे माझा एक फटका चेंडूच्या टाळक्यावर बसला, एक वाळूच्या बंकरमध्ये गेला. तिथून चेंडू बाहेर काढायचं काम पाळीप्रमाणे त्या पोरीकडे आलं. पुढची पाळी माझी असल्यामुळे चेंडू लवकरच परत वाळूत गेला. पहिल्या होलचा आकडा मी इथे देत नाही. तो कार्डावर आहे आणि कार्ड लेकीकडे आहे.

दुसऱ्या होलवर तिचा पहिला फटका देखणा गेला. हिरवळीच्या अलीकडे मोकळ्या जागेत चेंडू थांबला. माझी पाळी, मी स्टिक फिरवली, पार हुकली. एक फटका वाया. पण चेंडू? चेंडू त्याच छान जागी! आता पाळी तिची. तिनं अलगद चिप करून तो भोकाच्या जवळ नेला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत शिबिर सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्याबद्दल आदर होता. मी चेंडूला लागत नव्हतो, तोवर आमची जोडी उत्तम चालली होती.

तिसऱ्या होलवर सुरुवात माझी होती. हवेत. चेंडू टीवर तसाच, लेकीनं तिथूनच खणखणीत मारला. पुन्हा मी, पुन्हा हवेत. लेकीची चिप. मी पटरनं ढकललेला चेंडू भोकाला वळसा घालून थांबला, तिनं तो आत टाकला. सहा! बाकीच्या जोड्यांना तिथे आठ-नऊ लागत होते.

आणि स्लो मोशनवाले गृहस्थ पुढे आले.

“सर, ऑब्जेक्शन. हे मुद्दाम हुकवतायत. आमच्याकडे व्हिडिओ आहे.”

मैदानात शांतता पसरली. सरांनी नियम सांगितला. मारण्याचा हेतू असेल तरच तो फटका. जोडीदाराला खेळायला मिळावं म्हणून मुद्दाम हुकवला, तर तो फटकाच नव्हे. म्हणजे पाळी माझीच उरते, लेक पाळी सोडून खेळली असं होतं, आणि त्याला दोन फटक्यांचा दंड आहे.

मी पेचात सापडलो. आयुष्यभर ‘मारायचा नव्हताच’ असं सांगत आलेल्या माणसाला आता सिद्ध करायचं होतं की मला मारायचाच होता, जीव तोडून मारायचा होता, आणि चूक टीची, उन्हाची, बाह्यांची नसून सर्वस्वी माझी होती. मी ते हिरिरीनं मांडलं. मुद्देसूद मांडलं. माझं डोकं कसं वर येतं, मूठ कशी आवळते, मी चेंडू कसा उचलायला जातो, सगळं कबूल करून टाकलं. स्लो मोशनवाल्यांचा विश्वास बसेना. इतकं वाईट कुणी प्रामाणिकपणे खेळू शकतं, हे त्यांना पटत नव्हतं.

सरांनी फोन घेतला. पडद्यावर माझी स्टिक चेंडूवरून वीतभर अंतर राखून सावकाश पुढे गेली. माझे डोळे तेव्हा ढगांकडे होते. सरांनी ते दोनदा पाहिलं, मग विचारलं, “सर, खरं सांगा. मारायचा होता ना?”

मी तोंड उघडायच्या आत लाल टोपीतला मुलगा पुढे झाला.

“सर, मुद्दाम नाही. काका खरंच असेच खेळतात.”

“हो सर,” मागून सगळी रांग म्हणाली. “रोज.”

फटके ग्राह्य धरले गेले. लेकीनं कार्डावर सही केली आणि माझ्या खिशातलं पेन मला परत दिलं. आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटचा नंबर व्हिडिओ काढणाऱ्यांचा होता. बक्षीस समारंभात ते माझ्या शेजारीच येऊन बसले, बराच वेळ गप्प होते, मग हलकेच म्हणाले, “ग्रीन नीट कापलेलं नव्हतं हो.”

“कापलेलं नव्हतंच,” मी म्हणालो. “आणि वाराही होता.”

त्यांनी कृतज्ञतेनं माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा एक कप पुढे केला.